हुशार मुलाच्या लेखनातील अडचण : शाळेकडे काय मागावे आणि कसे मागावे

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या एका आईने आपल्या सहावीतील मुलाबद्दल विचारले आहे. मुलगा अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजी माध्यमात शिकतो. रेल्वे हा त्याचा ध्यास आहे. कसारा घाटातील चढ सदतीसला एक असल्यामुळे गाडीला मागून बँकर इंजिने का जोडावी लागतात, हे तो घरी आलेल्या पाहुण्यांना तासभर समजावून सांगतो. परीक्षेत मात्र शेवटचे दोन-तीन प्रश्न कोरे राहतात, वह्या अपूर्ण असतात आणि ‘हुशार आहे, पण आळशी आहे’ असा शेरा तिसरीपासून प्रगतिपुस्तकात येत आहे. खासगी मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या तपासणीत उच्च बुद्धिमत्ता आणि लेखनाशी संबंधित अध्ययन अक्षमता, म्हणजे डिसग्राफिया, ही दोन्ही निदाने झाली. अहवाल पाहून शाळेने सांगितले की मुलाला साठ-पासष्ट टक्के पडतात, तो नापास होत नाही, त्यामुळे सवलतीचा प्रश्नच येत नाही. भांडण न करता शाळेकडे काय मागावे, अक्षमतेचे सरकारी प्रमाणपत्र काढावे का, की सरळ शाळा बदलावी, असे या आई विचारतात.

ताई, माझे सर्वांत महत्त्वाचे सांगणे आधीच मांडतो. तुमच्या मुलाच्या गरजा दोन आहेत आणि त्या दोन्ही एकाच अर्जात, एकाच बैठकीत मांडायला हव्यात. बहुतेक पालक अडचणीबद्दल बोलतात आणि हुशारीबद्दल संकोचाने गप्प बसतात, कारण स्वतःच्या मुलाचे कौतुक स्वतःच्या तोंडाने करणे त्यांना बरे वाटत नाही. मग शाळेच्या मनात हे मूल म्हणजे केवळ मागे पडलेले मूल ठरते आणि त्याला अधिक सराव, अधिक शुद्धलेखन, अधिक सोपी गणिते दिली जातात. याउलट फक्त हुशारी सांगितली, तर ‘इतका हुशार आहे तर लिहीत का नाही?’ हा प्रश्न लगेच येतो. याहून वाईट प्रकार मी नाशिकच्या अनेक शाळांत पाहिला आहे : ‘आधी वही पूर्ण कर, मग विज्ञान प्रदर्शनाचे बघू.’ ज्या मुलाची वही त्याच्या अक्षमतेमुळेच पूर्ण होऊ शकत नाही, त्याला प्रदर्शनाची वाट कायमची बंद करणारी ही अट आहे. आव्हानात्मक काम हे बक्षीस म्हणून देण्याची गोष्ट नाही; अशा मुलाला शाळेत मन लागण्यासाठी ते रोजच्या जेवणाइतके आवश्यक असते.

आता साठ-पासष्ट टक्क्यांकडे वळू. हे गुण तुमच्या मुलाची क्षमताही सांगत नाहीत आणि अडचणही सांगत नाहीत, कारण दोन्हींनी एकमेकांना झाकून टाकले आहे. तो तर्काने आणि स्मरणाने लेखनातील उणीव भरून काढतो, म्हणून नापास होत नाही. आणि लेखन त्याला मागे खेचते, म्हणून वर्गातील पहिल्या मुलांत त्याचे नाव येत नाही. शाळेला तो ‘सर्वसाधारण’ दिसतो. तुम्ही पाठवलेल्या वेश्लर बुद्धिमत्ता चाचणीच्या अहवालातही हेच घडले आहे. शाळेने फक्त एकूण बुद्ध्यंक वाचला, जो ११७ आहे. पण भाषिक आकलन १३८, दृश्य तर्क १२७, कार्यस्मृती, म्हणजे माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता, ९७ आणि प्रक्रियेचा वेग ८० असे चार आकडे जिथे इतके दूरदूर पसरलेले आहेत, तिथे त्यांची एकत्रित गोळाबेरीज त्या मुलाचे खरे चित्र दाखवत नाही. सरासरी १०० धरली, तर १३८ म्हणजे शंभर मुलांत एखाद्याच मुलाला मिळणारा आकडा आणि ८० म्हणजे शंभरातील नव्वद मुले ज्याच्या पुढे आहेत असा आकडा. एकाच मुलात या दोन टोकांमध्ये जे अंतर आहे, तेच त्याला रोज सहन करावे लागते. तुमच्या मानसशास्त्रज्ञांना विनंती करा की त्यांनी कार्यस्मृती आणि वेग बाजूला ठेवून काढला जाणारा सामान्य क्षमता निर्देशांक अहवालात स्वतंत्रपणे नमूद करावा आणि हे अंतर शिक्षकांना समजेल अशा साध्या मराठीत एका पानावर लिहून द्यावे. वीस पानी अहवाल वाचायला वर्गशिक्षिकेला वेळ नसतो. एक पान त्या नक्की वाचतात.

त्याहूनही परिणामकारक पुरावा तुम्ही घरी तयार करू शकता. सहावीच्या विज्ञानातील बलाचा धडा घ्या. ‘घर्षण बल म्हणजे काय ते उदाहरणासह सांगा’ हा प्रश्न मुलाला आधी तोंडी विचारा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि तो जे बोलला ते शब्दन्‌शब्द कागदावर उतरवून घ्या. दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नाचे उत्तर दहा मिनिटांत लिहायला सांगा. तुम्ही कळवल्याप्रमाणे हा प्रयोग तुमच्याकडे नकळत झालेलाच आहे. तोंडी उत्तरात त्याने सांगितले की पावसात रूळ ओले झाले की चाके जागच्या जागी फिरू लागतात, म्हणून इंजिनातून रुळांवर वाळू सोडतात, त्यामुळे घर्षण वाढते आणि गाडी चढ चढू शकते. लेखी उत्तर होते, ‘घर्षण म्हणजे घासने. गाडी थांबते.’ त्या दोन ओळींतही दुसऱ्या ओळीपर्यंत शिरोरेषा तुटलेली, वेलांट्या अर्धवट आणि खोडाखोड इतकी की कागद फाटलेला. हे दोन कागद शेजारीशेजारी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवा. ‘आळशी’ हा शेरा त्या दोन कागदांसमोर टिकत नाही आणि त्यासाठी तुम्हाला कोणाला दोष देणारे एकही वाक्य उच्चारावे लागत नाही.

कायद्याची बाजू तुम्हाला नेमकी ठाऊक असावी, परंतु पहिल्या भेटीत ती हातात नाचवू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे आणि त्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. कलम १६ नुसार शासनाकडून निधी किंवा मान्यता मिळालेल्या शाळांनी समावेशित शिक्षण द्यावे, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य त्या अध्यापनपद्धती वापराव्यात, असे अपेक्षित आहे. कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख आहे. मूल नापास होत असेल तरच सोय द्यावी, अशी अट यात कुठेही नाही. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यातील अडचण व अतिचंचलता, असलेल्या मुलांच्या पालकांनी मात्र लक्षात ठेवावे की त्या २१ प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. त्यासोबत अध्ययन अक्षमता असेल, तर तिची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते.

हुशारी आणि लेखनाची अक्षमता एकत्र असू शकतात का, अशी शंका शाळेने काढली, तर सर्वोच्च न्यायालयाचे २०२१ मधील दोन निकाल सांगण्यासारखे आहेत. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यातील उमेदवार नागरी सेवा परीक्षेचा होता आणि त्याला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. अपंगत्वाचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत पोहोचले नाही, एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश या डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात नीट परीक्षेच्या केंद्रावर तिला हक्काचा जादा तास मिळाला नव्हता. न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला तिच्यावर झालेल्या अन्यायाचे निवारण करण्यास सांगितले, पण पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीची मुलगी, हातात प्रमाणपत्र, आणि तरीही खोलीतील पर्यवेक्षकांना नियम माहीत नाही म्हणून तास गेला. सवलत मंजूर होणे आणि ती त्या दिवशी त्या बाकावर प्रत्यक्ष मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणावरून पालकांनी ध्यानात घ्यावे.

तुमच्या मुलाच्या बाबतीत एक मोठी सोय आधीपासून उपलब्ध आहे आणि ती शिक्षकांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात सहावीसाठी निम्मे गुण आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनाचे ठेवले गेले आणि तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, कृती ही त्याची मान्य साधने आहेत. म्हणजे मुलाला तोंडी विचारून गुण देण्यासाठी वर्गशिक्षिकेला कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. अर्जात ‘सवलत द्या’ असे मोघम न लिहिता ‘आकारिक मूल्यमापनात तोंडीकाम आणि प्रात्यक्षिक यांवर अधिक भर द्यावा’ असे लिहिले, की तुमची मागणी शाळेच्या रोजच्या चौकटीत बसते आणि मान्य करणे सोपे जाते.

बैठकीसाठी पालकसभेचा दिवस निवडू नका. त्या दिवशी बाहेर रांग असते आणि बाई प्रत्येकाला दोन मिनिटे देऊ शकतात. मुख्याध्यापिकांना चिठ्ठी देऊन अर्ध्या तासाची स्वतंत्र वेळ मागा, वर्गशिक्षिका आणि शाळेत समुपदेशक असल्यास त्या, अशा सगळ्यांनी एकत्र बसावे अशी विनंती करा, आणि शक्य असेल तर मुलाच्या बाबांनाही घेऊन जा. मुलाला सोबत नेऊ नका. सुरुवात मुलासाठी शाळेने आजवर जे केले त्याच्या उल्लेखाने करा. तो खराच असला पाहिजे, कारण शिक्षकांना खोटी स्तुती लगेच कळते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एका मुलासाठी वेगळे काही करणे किती अवघड आहे, याची जाणीव तुमच्या बोलण्यात असू द्या. त्यानंतर अर्ज द्या आणि कार्यालयातून आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. शिक्षिका बदलल्या, मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या, तरी तो कागद फायलीत राहतो.

अर्जाचा गाभा साधारण असा असावा : ‘सोबत जोडलेल्या अहवालानुसार माझ्या मुलाची तर्कशक्ती आणि भाषिक आकलन वयाच्या मानाने फार पुढचे असून लेखनाचा वेग आणि अक्षर यांत त्याला डिसग्राफियामुळे मोठी अडचण आहे. यासाठी पुढील आठ आठवडे प्रायोगिक स्वरूपात पुढील गोष्टी कराव्यात, ही विनंती. घटक चाचणीत त्याला प्रत्येक तासामागे वीस मिनिटे जादा मिळावीत. फळ्यावरील मजकूर उतरवण्याऐवजी त्याची छायाप्रत किंवा छायाचित्र मिळावे. विज्ञान, इतिहास आणि भूगोलात त्याची उत्तरे तोंडी तपासावीत. गणितातील एकाच प्रकारची वीस उदाहरणे सोडवण्याऐवजी सर्वांत कठीण पाच उदाहरणे द्यावीत आणि ती बरोबर आल्यास उरलेल्या वेळात पुढील इयत्तेचे पुस्तक वापरू द्यावे. आठ आठवड्यांनंतर आपण पुन्हा भेटून परिणाम पाहू.’

या मजकुरात मुदत जाणीवपूर्वक घातली आहे, कारण कायमस्वरूपी बदल मान्य करताना शाळा कचरते आणि प्रयोगाला सहसा नाही म्हणत नाही. वीस मिनिटांचा आकडाही मनाने ठरवलेला नाही. सीबीएसईच्या परीक्षांत तीन तासांच्या पेपरला साठ मिनिटे जादा मिळतात आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीतही हेच प्रमाण चालते. ‘मग बाकीचे पालकही मागतील’ हा आक्षेप येईलच. त्यावर शांतपणे एवढेच म्हणा की ज्याला उत्तर येत नाही, त्याला वीस मिनिटे जास्त दिल्याने ते येऊ लागत नाही. हा वेळ फक्त ज्याला उत्तर येते पण हात साथ देत नाही, अशा मुलाच्या उपयोगी पडतो. हा मुद्दा शिक्षकांना पटतो, असा माझा अनुभव आहे.

हुशारीच्या बाजूची मागणी मात्र अनेकदा हवेत विरते, म्हणून तिच्यासाठी नेमकी नावे घेऊन बोला. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळा ऑनलाइन पाठवते आणि निवड झाल्यास विद्यार्थ्याच्या बँक खात्यात दहा हजार रुपये जमा होतात. शाळेने पाठवायच्या मुलांत तुमच्या मुलाचा विचार व्हावा, असे अर्जात लिहा. बालवैज्ञानिक परीक्षेला बसवण्याचा आग्रह मी आत्ताच धरणार नाही, कारण वेळेशी शर्यत लावणाऱ्या परीक्षांत हे मूल आपली बुद्धी दाखवू शकत नाही आणि उगाच खचते. प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून याच विषयाला वाहून घेतले आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही विशेष आवड आणि प्रतिभा असलेल्या मुलांना शाळेने ओळखून पाठबळ द्यावे, असे म्हटले आहे. शाळेबाहेर नाशिकची जमेची बाजू अशी की नाशिक रोडला एकलहरे रस्त्यावर रेल्वेच्या ट्रॅक्शन मशीनचा कारखाना आहे आणि तिथून किंवा इगतपुरीहून निवृत्त झालेली अनेक जाणती माणसे शहरात राहतात. त्यांच्यापैकी कोणी महिन्यातून एकदा तुमच्या मुलाशी तासभर बोलायला तयार झाले, तर शाळेतल्या पाच दिवसांचा शीण उतरेल आणि आपले ज्ञान कोणाला तरी खरेखुरे हवे आहे हे त्याला समजेल. त्याच्या भाषणातून शाळेच्या परिपाठात पाच मिनिटांचे सादरीकरण तयार होऊ शकते. ज्या वर्गाने त्याला फक्त अपूर्ण वहीसाठी उभे राहिलेले पाहिले, त्या वर्गाने त्याला बोलताना ऐकणे फार गरजेचे आहे.

प्रमाणपत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे : काढावे. खासगी अहवाल शाळेतील सोयींसाठी पुरेसा ठरू शकतो, परंतु बोर्डाच्या परीक्षेसाठी शासनाने प्राधिकृत केलेल्या वैद्यकीय यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, चौकशी करावी आणि तपासणी नेमकी कुठे होईल हे तिथून लेखी समजून घ्यावे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मुलाच्या वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावर देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी करण्याची तरतूद होती. चौदावे वर्ष आठवी-नववीत येते, तेव्हा दहावीच्या डिसेंबरमध्ये धावपळ करण्याऐवजी त्याच वेळी सगळी कागदपत्रे पूर्ण करून ठेवा. शाळेने ती राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय कार्यालयाकडे वेळेत पाठवावी लागतात. प्रमाणपत्र हाती आले म्हणून त्यावर मिळणारी प्रत्येक सवलत घ्यावी असे मात्र नाही. तुमच्या मुलाला गणिताचा सोपा पर्याय घेऊन देणे म्हणजे त्याच्या आवडीच्या अभियांत्रिकीची दारे आपल्याच हाताने लावून घेणे होईल. त्याला वेळ हवा आहे, कदाचित लेखनिक हवा आहे. सोपा अभ्यासक्रम नको आहे. लेखनिक घ्यायचे ठरल्यास सातवीपासून घटक चाचण्यांत सराव करा, कारण मनातील उत्तर दुसऱ्याला सलग सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्यासोबत ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हाताच्या हालचाली सुधारणारे उपचार, आणि संगणकावर मराठी-इंग्रजी टंकलेखन आत्ताच सुरू करा.

शाळेने लेखी उत्तरच दिले नाही, तर आधी संस्थेच्या व्यवस्थापनाला स्मरणपत्र द्या आणि नंतर शिक्षणाधिकारी कार्यालयात जा. दिव्यांग मुलांच्या प्रवेशाचे व सोयींचे काम पाहणारा नोडल अधिकारी जिल्हा शिक्षण कार्यालयात असावा, असे २०१७ च्या केंद्रीय नियमांत म्हटले आहे. त्यानंतरची पायरी म्हणजे पुण्यातील राज्याचे दिव्यांग आयुक्त. इथवर फार थोड्या पालकांना जावे लागते. शाळा बदलण्याचा विचार मी आठ आठवड्यांचा प्रयोग होईपर्यंत बाजूला ठेवीन. गंगापूर रोडवरील चकचकीत इमारत आणि मोठी फी यांवरून तिथे अशा मुलाला समजून घेतील असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि मुलाचे दोन जिवलग मित्र सध्याच्या शाळेत आहेत असे तुम्हीच लिहिले आहे. पण वर्गासमोर वही भिरकावणे, ‘मंद’ म्हणणे, मधल्या सुट्टीत कोंडून लिहायला लावणे असे प्रकार घडत असतील, तर थांबू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे आणि अशा ठिकाणाहून मुलाला काढणे हाच शहाणपणा आहे.

मुलाला त्याच्या अहवालातील गोष्ट त्याच्या भाषेत सांगा. त्याला इंजिने कळतात. ताकद भरपूर असूनही चाकाची रुळावरची पकड सुटली तर गाडी घाट चढत नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको. मग त्याला एक वाक्य पाठ करवून घ्या, जे तो कोणत्याही शिक्षकांना नम्रपणे म्हणू शकेल : ‘सर, मला उत्तर येते, पण लिहायला वेळ लागतो, मी तोंडी सांगू का?’ घरी आधी तुमच्यासमोर, मग आजोबांसमोर आणि मग त्याला आवडणाऱ्या एखाद्या शिक्षिकेसमोर ते म्हणू द्या. येत्या जूनमध्ये नवीन वर्गशिक्षिका येतील, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अर्जाची प्रत, ते एक पानी टिपण आणि आठ आठवड्यांत झालेल्या बदलांची नोंद त्यांच्या हाती द्या, आणि प्रत्येक घटक चाचणीच्या आदल्या दिवशी त्या खोलीवर पर्यवेक्षण कोणाकडे आहे हे विचारून जादा वेळेची चिठ्ठी त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे याची खात्री करून घ्या.